अंगावरचं आणि डब्याचं: दोन्ही दूध देताना

संध्याकाळी सहा ते दहा बाळ किरकिरतं. दहा मिनिटं पितं, सोडतं, रडतं, पुन्हा मागतं. छातीही सकाळसारखी भरलेली वाटत नाही. अशा वेळी घरात कुणीतरी बोलतंच, "अगं, पोट भरत नाहीये त्याचं, वरचं सुरू कर." ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असा नाहीतर नेरुळ-खारघरला, औषधाचं दुकान इमारतीच्या खालीच असतं. नसलं तरी मोबाइलवर मागवलेला पावडरचा डबा थोड्या वेळात दारात येतो. त्यामुळे वरचं दूध बहुतेक घरांत ठरवून सुरू होत नाही, संध्याकाळच्या रडारडीत सुरू होतं. आणि महिन्या-दीड महिन्यानंतर आईचं दूध खरोखरच कमी झालेलं असतं.

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर खाण्यासोबत २ वर्षं किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि आपले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. त्यात वाद नाही. पण 'फक्त अंगावरचं' आणि 'फक्त डब्याचं' यांच्यामध्ये बराच मोठा पट्टा आहे आणि कितीतरी आया तिथेच असतात. त्यांच्या वाट्याला नीट माहिती येत नाही, कारण अंगावरच्या दुधाचा आग्रह धरणारे डब्याचं नाव काढू देत नाहीत आणि डबा सुचवणारे 'द्या' म्हणून मोकळे होतात. किती, कधी, कुठल्या वेळेऐवजी, हे कुणी बोलत नाही. सगळी मेख तर तिथेच आहे.

दूध किती बनायचं हे कोण ठरवतं

बाळंतपणात वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दूध बनायची वाट मोकळी होते. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, थोडा आणि घट्ट. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर पितं, म्हणून तो पुरतो. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध भरतं. सिझर झालं असेल तर थोडा उशीर लागू शकतो. इथपर्यंतचं काम हार्मोन्स आपणहून करतात.

पुढचा हिशेब वेगळा. बाळ ओढतं तेव्हा मेंदूकडे निरोप जातो. प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं, ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो. छाती रिकामी होते तेव्हा दूध बनायचा वेग वाढतो. दूध आत साठून राहिलं की पेशी वेग कमी करतात. ठाण्यातल्या घरगुती खानावळीच्या काकू जशा वागतात तसंच हे आहे: चार दिवस भाजी उरली की पाचव्या दिवशी त्या कमीच करतात, आणि कुणाला भात कमी पडला की दुसऱ्या दिवशी पातेलं मोठं चढतं. गिऱ्हाईक बाहेर जेवून आलं हे काकूंना कुणी सांगत नाही, त्यांना दिसतं ते उरलेलं अन्न.

संध्याकाळी बाटली दिली की नेमकं हेच घडतं. बाळ ६० मिली पावडरचं दूध पिऊन तीन तास झोपतं, घरात शांतता होते, आणि छातीला कळतं की संध्याकाळची गरज संपली. दुसऱ्या दिवशी दूध आणखी थोडं कमी, मग बाटली थोडी मोठी. आठवड्याभरात 'बघ, मी म्हणत होते ना, पुरत नव्हतं' हे वाक्य खरं ठरतं. ते पहिल्या दिवशी खरं होतंच असं नाही.

म्हणून डबा उघडायच्या आधी, दूध खरंच कमी आहे का, ते तपासायचं. छाती मऊ लागणं हा पुरावा नाही; काही आठवड्यांनी दूध बसलं, म्हणजे बाळाच्या गरजेइतकं बनू लागलं, की ती मऊच राहते. पंपानं किती निघालं हाही पुरावा नाही, कारण बाळासारखं ओढणं पंपाला जमत नाही. छातीचा आकार तर नाहीच नाही. संध्याकाळी बाळानं तासाभरात चार वेळा मागणं हे लहान बाळाचं नेहमीचं वागणं आहे, आणि दोन-तीन आठवड्यांचं किंवा सहा आठवड्यांचं असताना ते अचानक वाढतंही.

खरा पुरावा लंगोटात आणि काट्यावर असतो. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर आणि फिकट शू, पाचव्या दिवसापर्यंत काळी शी जाऊन पिवळी, जन्मानंतर घटलेलं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून आलेलं, आणि मग पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. एवढं असेल तर दूध पुरतंय, सासूबाई काहीही म्हणोत. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून करायचं. माहेरी साताऱ्याला एका काट्यावर आणि परत आल्यावर ठाण्यात दुसऱ्यावर केलं की शे-दीडशे ग्रॅमचा फरक उगाच घाबरवतो.

आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे. जन्मवजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घट, शू कमी आणि गडद, लंगोटावर विटकरी डाग तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही दिसणं, बाळ पिण्यासाठी उठवावं लागणं, कावीळ वाढत जाणं, ही चिन्हं दिसली तर 'अंगावरचंच द्यायचं' म्हणून अडून बसणं चूक आहे. त्याच दिवशी डॉक्टर. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, रक्तातली साखर उतरलेली, जुळी, आईला प्रसूतीत खूप रक्तस्राव झालेला, थायरॉईडचा त्रास, छातीची जुनी शस्त्रक्रिया, चालू असलेली काही विशिष्ट औषधं, अशा ठिकाणी वरचं दूध ही गरज असते. अगदी लहान, कमी दिवसांच्या बाळासाठी दुसऱ्या आईचं दूधही मिळू शकतं: आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आणि कधी कारण एवढंच असतं की आई थकली आहे. तेही कारणच आहे. त्यासाठी तिनं कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही.

एका परिस्थितीत मात्र दोन्ही दूध एकत्र नको. आई एचआयव्ही बाधित असेल तर पहिल्या ६ महिन्यांत मिश्र आहार टाळायला सांगतात; काय द्यायचं ते तिच्या उपचार केंद्रातच ठरवायचं.

वरून थोडं, की एक वेळ बदली

दोन्ही दूध देण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की गोंधळ होतो.

पहिला प्रकार 'वरून थोडं'. वजन वाढत नसेल तेव्हा हा. प्रत्येक वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजूंना. बाळ गिळतंय का ते बघायचं, नुसतं चोखतंय का ते नाही. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेलं मोजकं दूध, समजा २० किंवा ३० मिली. क्रम उलटा केला तर भरल्या पोटाचं बाळ छातीशी झोपून जातं. पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं पंपानं किंवा हातानं दूध काढलं तर छातीला 'अजून हवंय' हे कळतं, आणि निघालेलं दूध पुढच्या वेळी पावडरच्या जागी वापरता येतं. वजन सुधारलं की वरचं प्रमाण पाच-दहा मिलीनं कमी करत जायचं. असा डबा काही आठवड्यांत सुटू शकतो, पण सुरू करतानाच तो कसा बंद करायचा ते डॉक्टरांना विचारलेलं बरं. बंद कसा करायचा हे न ठरवल्यामुळेच तो चालू राहतो.

दुसरा प्रकार 'एक वेळ बदली'. दिवसातलं एखादं पाजणं पूर्ण बाटलीचं किंवा वाटीचं, बाकीची अंगावरची. नोकरी, झोप, जुळी, यासाठी हा सोयीचा. चार ते सहा आठवडे दूध नीट बसू दिलं आणि मग बदली सुरू केली तर ती टिकते. एकदम तीन वेळा बंद केल्या तर छाती दगडासारखी होते, गाठी होतात, ताप येतो. एक वेळ बंद करून चार-सहा दिवस थांबायचं, मग पुढची.

कुठली वेळ बदलायची? बरेच जण रात्रीची सुचवतात, 'पावडरनं झोपेल तरी'. पावडरचं दूध पचायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरं, पण त्यामुळे बाळ रात्रभर झोपेल याची काही हमी नाही. शिवाय प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचं एखादं पाजणं दूध टिकवायला फार उपयोगी पडतं. माझं मत विचाराल तर बदलायची वेळ रात्री दहा-अकराची. आईनं नऊला पाजून झोपायचं, अकराचं बाबांनी द्यायचं, आणि आईनं एक-दोनला उठून अंगावर. सलग चार तास झोप मिळते आणि पहाटेचं दूधही जात नाही. बाबांनाही काम मिळतं, आणि ते फक्त फोटो काढण्यापुरतं नसतं.

पूर्ण पावडरवरच्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं. चार किलोच्या बाळाचं म्हणजे ६०० मिली, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी ७५. एक वेळ बदलायची असेल तर सुरुवात ६० ते ९० मिलीनं. हा अंदाज आहे, बाळानं तोंड फिरवलं की थांबायचं. उरलेले १५ मिली वाया जातील म्हणून संपवायला लावणं ही आपल्याकडची जुनी सवय. ताटात टाकू नये हे मोठ्यांसाठी ठीक आहे.

बाटली, वाटी, बोंडलं

बाटलीतून दूध आपोआप येतं, छातीतून मेहनतीनं. काही बाळं पटकन सोप्या मार्गाला लागतात आणि मग छातीशी आल्यावर चिडतात. थोड्या दिवसांसाठी आणि थोडंसंच दूध द्यायचं असेल तर वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, उत्तम. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही बाटलीऐवजी हेच सुचवतात, आणि त्यामागे स्वच्छतेचं कारणही आहे: वाटी-चमच्याला कोपरे नसतात, बाटलीच्या बुचात असतात. बोंडल्यातून दूध घशात ओतायचं नाही. ओठांशी टेकवायचं, बाळ जिभेनं ओढतं.

बाटलीच हवी असेल तर सगळ्यात हळू धारेचं बूच घ्या. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा म्हणजे दूध धो-धो येणार नाही, आणि दर काही घोटांनी बाटली खाली करून त्याला श्वास घेऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत ९० मिली संपवणारं बाळ पुढच्या वेळी आईच्या पान्ह्याची वाट बघायला तयार नसतं.

पावडर बनवणं: इथे घाई नको

नव्या आई-बाबांना धक्का बसतो, पण दुधाची पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जिवाणू असू शकतात, आणि दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यांचा संसर्ग गंभीर होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात मिसळायला सांगते. पाणी खळखळ उकळायचं, झाकून जास्तीत जास्त अर्धा तास ठेवायचं, त्याच गरम पाण्यात पावडर घालायची. मग बाटली गार पाण्याच्या धारेखाली धरून कोमट करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा.

नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, ठाण्याचं वेगवेगळ्या योजनांतून. पण तुमच्या नळाला येईपर्यंत ते सोसायटीच्या टाकीतून आलेलं असतं, आणि घोडबंदरच्या कित्येक सोसायट्यांत उन्हाळ्यात त्यात टँकरचं पाणी मिसळलेलं असतं. आरओ लावला आहे म्हणून उकळणं टाळू नका. फिल्टरच्या नळीतही जंतू वाढतात.

मापात आधी पाणी, मग पावडर, डब्यातलाच चमचा, सुरीनं सपाट केलेला, दाबलेला नाही. किती पाण्याला किती चमचे ते त्या डब्यावर वाचा; भावाच्या बाळाचा डबा वेगळा असू शकतो. महिनाअखेरीला पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवणं धोक्याचं आहे. बाळ उपाशी राहतं, आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. 'घट्ट म्हणजे पौष्टिक' करून पावडर वाढवली तर शी खडा होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

ताजं बनवायचं आणि लगेच द्यायचं. बाळानं तोंड लावलेलं उरलेलं दूध तासाभरात टाकायचं, पुन्हा गरम करायचं नाही. रात्रीसाठी दूध बनवून ठेवण्यापेक्षा चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर जवळ ठेवावी.

आईचं काढलेलं दूध याहून दणकट. २५ अंशांच्या खोलीत ते चार तास टिकतं, फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस. ठाण्याच्या मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत २५ अंश कुठले? म्हणून काढल्यावर सरळ फ्रिजमध्ये. दोन्ही दूध एका बाटलीत मिसळता येतं, पण मग उरलं तर आईचंही टाकावं लागतं. आधी आईचं द्या, मग पावडरचं. काढलेल्या दुधात कोरडी पावडर मात्र घालू नये, डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय.

रजा संपल्यावर

२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. शेवटपर्यंत कामावर गेलेलीला सहा महिने मिळतात, आठ आठवडे आधी रजेवर बसलेलीला जेमतेम चार. कंत्राटावर, दुकानात, घरकामाला असलेल्या बाईची गोष्ट निराळी. ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही कामावर जाते, आणि मिश्र आहाराचा खरा प्रश्न तिचाच आहे.

समजा कासारवडवलीत घर आणि ऐरोलीत ऑफिस. घोडबंदरचा ट्रॅफिक, ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बर लोकल, पुढे रिक्षा: दाराबाहेर दहा-अकरा तास. त्यात बाळ तीन-चार वेळा पिणार. ऑफिसात दर तीन तासांनी काढता आलं तर बर्फाच्या पॅकच्या थर्मल पिशवीतून ते घरी आणता येतं, चोवीस तास टिकतं. दोनदाच जमलं तर दोन वेळा आईचं, उरलेल्या पावडरच्या. निघण्याआधी, आल्यावर, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी अंगावर. या मेळावर दूध महिनोन्महिने टिकू शकतं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चारदा जायची मुभा कायद्यात आहे. एचआरला तोंडी नाही, ईमेलवर विचारावं. पंपासाठी दाराला कडी असलेली खोली लागते, टॉयलेट नाही. एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षांना जिचं नाव दिलंय ती रायगडाचा कडा उतरून गेली म्हणतात. कडी असलेली खोली त्या मानानं फारच लहान मागणी.

घरी बाळ कोण सांभाळणार तिला रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच बाटली किंवा वाटी द्यायला लावा. पुष्कळ बाळं आईच्या हातून वरचं दूध घेत नाहीत, पण आजीच्या हातून घेतात.

बाकी काही सुट्या गोष्टी. पावडर सुरू झाली की शी घट्ट, कमी वेळा आणि जास्त वासाची होते, ते चालतं. शीत रक्त, वारंवार उलट्या किंवा अंगावर गांधी उठल्या तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, दाखवा. ६ महिन्यांच्या आत पाणी, घुटी, गाईचं दूध काही नको. मध तर वर्षभर नको. व्हिटॅमिन डीचे ४०० युनिटचे थेंब मिश्र आहारातही चालू ठेवायचे. अळीव, डिंक, शतावरी बाळंतिणीनं आवडीनं खावं, पण छाती रिकामी होत नसेल तर लाडवानं दूध वाढत नाही.

आणि एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही: 'पाजतेय तोवर दिवस जात नाहीत' हा भरवसा फक्त तेव्हाच, जेव्हा बाळ ६ महिन्यांच्या आतलं आहे, पाळी आलेली नाही आणि ते दिवसरात्र निव्वळ अंगावर आहे. रोजची बाटली सुरू झाली की तो भरवसा संपला. पाजणाऱ्या आईला चालणारं गर्भनिरोधक डॉक्टरांकडून त्याच आठवड्यात विचारून घ्या.

डब्याच्या निवडीवर फार डोकं लावू नका. १९९२ च्या कायद्यानं, आणि २००३ च्या दुरुस्तीनं आणखी कडकपणे, बाळाच्या पावडरची जाहिरात आणि फुकट नमुने यांवर बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटोही छापता येत नाही. कुणी हॉस्पिटलात नमुना हातात ठेवला तर तो नियमाबाहेरचा आहे. वयाला योग्य, तारीख उलटून न गेलेला, परवडणारा डबा पुरे. हिशेबासाठी: पूर्ण पावडरवरचं बाळ ४०० ग्रॅमचा डबा साधारण चार-पाच दिवसांत संपवतं, दिवसाला दोन वेळा घेणाऱ्याला तोच दोन आठवडे जातो. त्यामुळे लहान डबाच घ्या, कारण उघडल्यावर पावडर तीन-चार आठवड्यांत संपवायची असते आणि आपल्या पावसाळी हवेत ती लवकर ओलावते.

६ महिन्यांनी नाचणीची पेज, मऊ वरण-भात, मॅश केलेलं केळं सुरू झालं की पावडरची गरज हळूहळू उतरते. तेव्हा कमी करायची ती बाटली, अंगावरचं नाही. वर्ष झालं की पावडरऐवजी साधं दूध कपातून देता येतं, आणि त्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत कपाची सवय लावली तर बाटली सोडवताना घरात रडारड होत नाही.